तांब्यातली कार्मेनेर

कंपनीने मला दोन वर्षांसाठी सान्तियागोला धाडलं तेव्हा आईने बॅगेत गोडा मसाला, चहाची गाळणी आणि स्टीलचा तांब्या कोंबला. "अगं, चिलीत मिळतं सगळं," म्हणून मी भांडलो होतो. आता कबूल करतो, इथल्या वाइनशी माझी जी काही ओळख झाली, ती गाळणी आणि तांब्यामुळेच.

झालं असं की डिसेंबरातल्या एका शनिवारी, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, शेजारच्या काकांनी असादोला बोलावलं. (काका मी मनातल्या मनात म्हणतो. ते मला 'बेसीनो' म्हणतात. त्याचा अर्थ शेजारी, पण पहिले दोन महिने मला ते बेसनच ऐकू यायचं आणि भूक लागायची.) असादो म्हणजे कोळशावर मांस भाजत रात्र घालवणं. रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून मी वाइन आणायला सुपरमार्केटात गेलो आणि तिथेच अडकलो.

आपल्याकडे वाइन म्हणजे जाळीतून हात घालून, कागदात गुंडाळून घ्यायची वस्तू. इथे ती तेलाच्या आणि डाळीच्या शेजारी भिंतभर मांडलेली. खालच्या फळीवर तर दुधासारखी लिटरच्या खोक्यातसुद्धा. जवळजवळ प्रत्येक बाटलीवर 'रेसेर्वा' लिहिलेलं, म्हणजे राखीव. कोणासाठी, ते नाही. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते आणि तिच्यावर कोंबड्याची पाटी घेतलेली आजी बसलेली असते, तसाच हा प्रकार असावा असं समजून मी पुढे सरकलो.

पुढे एका बाटलीवर चक्क सैतान. 'कासियेरो देल दियाब्लो', सैतानाचं कोठार. एकोणिसाव्या शतकात पिर्के गावच्या डॉन मेल्चोर दे कोंचा इ तोरो या मालकांच्या तळघरातून चांगल्या चांगल्या बाटल्या नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा तिथे सैतान राहतो अशी आवई त्यांनी उठवली, असं सांगतात. आमच्या आजोळी फणसावर मुंजा होता तो याच खात्यातला. फरक इतकाच की आमच्या मुंजाची कोणी निर्यात केली नाही.

शेवटी मी 3,490 पेसोंची एक बाटली उचलली. आकडा वाचून छातीत धस्स झालं होतं, पण रुपयाला अकराएक पेसो, म्हणजे सव्वातीनशेच्या आत प्रकरण मिटलं. बाटलीवर द्राक्षाचं नाव लिहिलं होतं, 'कार्मेनेर'. नावातच कर्म आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

ऑफिसात एकाने सांगून ठेवलं होतं की लाल वाइन तासभर आधी उघडून तिला श्वास घेऊ द्यावा. म्हणून सात वाजता मी बूच काढायला बसलो. स्क्रू आत गेला, मी ओढला आणि अर्धं बूच हातात आलं. उरलेलं अर्धं बाटलीच्या गळ्यात, दिवाळीला आलेल्या जावयासारखं, ढिम्म. मग पळीच्या दांड्याने ते आत ढकललं, तर भुगा वाइनवर तरंगायला लागला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळी रांगोळी उमटली. आता श्वास मला लागला होता. शेवटी गाळणी घेतली आणि सगळी वाइन तांब्यात गाळली. नशीब तांब्या पितळेचा नव्हता, नाहीतर तिच्या आंबटपणाने कळकलीच असती. परत बाटलीत ओतायला घरात नरसाळं नव्हतं. गेलो तसाच, तांब्या घेऊन.

माझी अपेक्षा होती की लोक हसतील. पण अंगणात एकदम शांतता पसरली. पाचसहा जण आदराने तांब्याभोवती जमले. काकूंनी विचारलं, "हे तुमच्याकडचं पारंपरिक पात्र का?" मी खरं तेच सांगितलं, "हो, फार जुनं." सत्यनारायणाच्या कलशासारखा तो टेबलाच्या मधोमध विराजमान झाला.

पण परीक्षा पुढेच होती. काकांच्या भाच्याने वाइनचा कुठलासा कोर्स केला होता. त्याने ग्लास एक तृतीयांश भरला. (एवढाच भरायचा म्हणे, वरची जागा वासासाठी. आपल्याकडे पाहुण्याला एवढा चहा दिला तर सोयरीक तुटेल.) ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "काळी चेरी... थोडं चॉकलेट... आणि मागून काहीतरी गोड मसाल्याचं. वेलची!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली मान घातली. वेलची माझ्या गाळणीतली होती. सकाळच्या चहाची.

"आणि बेसीनो, तुला काय लागतंय?" काकांनी विचारलं.

माझं स्पॅनिश भाजीबाजारात तयार झालेलं. चेरी, चामडं, तंबाखू यांतलं एकही नाव मला येत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या ग्लासातून आमच्या स्वयंपाकघराचा वास येत होता, पीठ पेरून केलेल्या भोपळी मिरचीच्या भाजीचा. तोंडातून निघून गेलं, "पिमेन्तोन." भोपळी मिरची.

भाचा ओशाळला. काकांनी मात्र टेबलावर थाप मारली. "बरोब्बर! आम्ही शंभर वर्षं हाच वास घेत होतो आणि तिला मेर्लो म्हणत होतो!"

मग निखाऱ्यांवर मांस उलटंपालटं करत त्यांनी सांगितलं ते असं. भोपळी मिरचीला वास देणारी पिराझिनं नावाची रसायनं या द्राक्षातही असतात, आणि द्राक्ष पुरतं पिकलं नाही तर तीच वरचढ होतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दोहून चिलीत वेलींच्या काड्या आल्या, त्यांत मेर्लो आणि कार्मेनेर या द्राक्षाच्या दोन जाती एकत्र मिसळल्या. नंतर फ्रान्समध्ये मुळं पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्या आणि तिथली कार्मेनेर जवळजवळ संपली. चिलीत कीड आलीच नाही. पण इथे ती मेर्लोच्या नावाने जगत राहिली. मेर्लोच्या बागेतले अर्धे वेल वेळेवर पिकायचे, अर्धे कित्येक आठवडे मागे, आणि सगळे एकदमच तोडले जायचे. म्हणून तो हिरवा वास. 1994च्या नोव्हेंबरात ज्याँ-मिशेल बूर्सिको हा फ्रेंच वेलतज्ज्ञ माइपो खोऱ्यातल्या बागेतून चालता चालता थांबला आणि म्हणाला, ही मेर्लो नव्हे, कार्मेनेर.

मला त्या द्राक्षाबद्दल एकदम जवळीक वाटली. इथे भारतीय माणसाला सरसकट 'हिंदू' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये 'ह' उच्चारत नाहीत. गेलं वर्षभर मी अख्ख्या इमारतीत 'इंदू' म्हणून वावरतोय. इंदू माझी आत्या.

काकांचे नियम मात्र सोपे निघाले. उन्हाळ्यात लाल वाइनसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची, कारण 'घरातलं तापमान' म्हणजे सोळा ते अठरा अंश, आपल्या माळ्यावरचं नव्हे. 'सालूद', म्हणजे चिअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. आणि सोबत पेब्रे खायचं. पेब्रे म्हणजे टोमॅटो, कांदा, कोथिंबीर आणि मिरची. आपली कोशिंबीर, फक्त दाण्याचं कूट विसरलेली. पाव त्यात बुडवून वर कार्मेनेरचा घोट घेतला आणि तिच्यातली भोपळी मिरची कोथिंबिरीशी अशी मिळून गेली की मी दुसऱ्यांदा तांब्या कलता केला.

रात्री एकच्या सुमाराला तळाशी वाटीभर उरली होती. काका मूळचे दक्षिणेतल्या खेड्यातले. ते आत जाऊन एक डबा घेऊन आले. भाजलेल्या गव्हाचं पीठ. त्यांनी ते वाइनमध्ये टाकलं, साखर घातली आणि चमच्याने कालवलं. याला म्हणे चुपील्का म्हणतात. मी चाखून बघितलं. मग वाटी संपवली.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेनऊ.

"जेवलास का रे?"

"हो. शेवटी सातूचं पीठ खाल्लं."

"अगंबाई! तिकडे मिळतं?" तिचा आवाजच बदलला. "फार चांगलं, उन्हाळ्यात पोटाला थंड असतं. आणि कशात कालवलंस, दुधात की ताकात?"