मजकुरातून मन ‘अचूक’ वाचता येते, हा दावा कितपत खरा?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आता तुमचा संदेश वाचून मनातली भावना अचूक ओळखते, तीही कोणत्याही भाषेत, त्यामुळे कर्मचाऱ्यांची वा विद्यार्थ्यांची मनःस्थिती जाणून घ्यायला माणूस लागत नाही,’ असा दावा सध्या सर्रास फिरतो आहे. यातले एकेक विधान तपासून पाहिले पाहिजे.

पहिले विधान मनातल्या भावनेचे. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘गोइमोशन्स’ हा रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ५८,००० इंग्रजी प्रतिक्रियांचा संच प्रसिद्ध केला. त्यातल्या २७ भावनांची लेबले प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांनी नव्हे, तर ती वाचणाऱ्या त्रयस्थांनी लावली होती. म्हणजे अशा संचावर शिकलेली प्रणाली फार तर इतकेच सांगू शकते, की वाचणाऱ्याला काय वाटले असते. लिहिणाऱ्याला काय वाटत होते, याची नोंद तिच्यापाशी मुळात नसतेच.

दुसरे अचूकतेचे. याच संचावर संशोधकांनी स्वतः घेतलेल्या चाचणीत गूगलच्याच ‘बर्ट’ या भाषा समजणाऱ्या प्रणालीला सरासरी एफ-वन गुण (लावलेली लेबले किती बरोबर आणि खरी किती निसटली, यांचे एकत्रित माप) मिळाले ०.४६, निर्दोष कामगिरीला १ मिळतो. सरासरीपेक्षाही बोलके आहेत ते भावनावार आकडे. कृतज्ञतेला ०.८६ गुण आहेत, कारण आभार मानणारा माणूस बहुधा आभाराचा शब्द लिहितोच. शोकाला मात्र शून्य आहे. त्याची उदाहरणे संचात सर्वांत कमी होती हे खरे, पण ज्या भावनेत माणसाला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच निसटावी, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. त्यानंतरच्या प्रणाली अधिक सक्षम आहेत, तरी लेबलांची मूळ अडचण त्याने सुटत नाही.

‘कोणत्याही भाषेत’ हे तर मराठीपुरतेही खरे नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या भाषा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संशोधक गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा मोलाचा संच तयार केला, पण त्यात वर्ग तीनच आहेत: सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ. दिवाळीला येणे जमणार नाही असे मुलाने कळवल्यावर आई लिहिते, ‘असू दे रे, कामं महत्त्वाची. आम्ही मजेत आहोत.’ हा संदेश या तिघांपैकी कोणत्या रकान्यात बसवायचा? मुलाला तो कळतो, कारण त्याला आई माहीत असते.

राहिला माणसाची गरज नसल्याचा मुद्दा. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत चेहरा, आवाज अशा जैविक खुणांवरून भावना ओळखण्यावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. निव्वळ मजकूर त्या बंदीत येत नाही. म्हणूनच एखादी संस्था कर्मचाऱ्यांचे ईमेल अशा प्रणालीतून तपासत असेल, तर तिने ते त्यांना आधी सांगावे आणि प्रणालीने लावलेले लेबल खोडून काढण्याचा हक्क लिहिणाऱ्याला द्यावा.