जर्मनीला जायचंय? आधी उद्यमबागेत जा

जर्मनीहून सुट्टीवर बेळगावात, अनगोळला येऊन दोन दिवस झाले नव्हते, तोवर शेजारचे काका पोराला घेऊन दारात. पोरगं यंदा पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला, सायन्स. काकांच्या हातात एजंटनं दिलेलं गुळगुळीत माहितीपत्रक, वर किल्ल्याचा फोटो. "बघ की रे जरा. जर्मनीत मेकॅनिकल फुकट हाय म्हणतात, आणि हे लोक वर्षाला अकरा लाख सांगाय लागलेत. खरं कुठलं?"

दोन्ही खरं, काका. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, दर सहामाहीला शे-तीनशे युरोंची वर्गणी तेवढी भरायची. पण तिथं पदवीचं मेकॅनिकल बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच शिकवतात. माहितीपत्रकातलं कॉलेज खासगी होतं, इंग्रजीत शिकवणारं. सरकारी विद्यापीठ एजंटला कमिशन देत नाही, त्यामुळं एजंटच्या तोंडून त्याचं नाव सहसा निघत नाही. काकांशी दोन तास बोललो आणि वाटलं, हे लिहूनच ठेवावं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या 'फुकट'चा हिशोब. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आधीच दाखवावे लागतात. मी २०१८ मध्ये गेलो तेव्हा ते ८,६४० युरो होते. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झालेत, म्हणजे महिन्याला ९९२ युरो हातात पडणार. रुपयांत बारा लाखांच्या आसपास धरा. पैसे आपलेच राहतात हे खरं, पण आधी गोळा तर झाले पाहिजेत. आमच्या घरात ते आईच्या पाटल्या, माझ्या चुलत्याचं सोसायटीचं कर्ज आणि बाबांच्या पीएफमधून गोळा झाले. बँकेत गेलो तर तारण काय म्हणून विचारलं. खानापूरकडची दोन एकर जमीन दाखवली, तर शेतजमीन चालत नाही म्हणाले. आणि सगळीकडं शिकवणी माफ आहे असंही नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून आपल्यासारख्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लावली, पदवीला सहामाहीला दोन ते तीन हजार.

दुसरी गोष्ट, आपली बारावी त्यांच्या बारावीच्या तोडीची धरत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्ड पास असाल किंवा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक वर्ष नीट पास झाला असाल, तर थेट अर्ज करता येतो. नसेल तर एक वर्ष 'श्टुडिएनकोलेग', म्हणजे तिथला पूर्वतयारीचा वर्ग, त्यातला टेक्निकलचा टी-कोर्स, आणि शेवटी परीक्षा. ती नापास झालात तर पुन्हा एकदाच देता येते. मी ह्या वाटेनं गेलो. आज कुणी विचारलं तर सांगेन, व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या तंत्र विद्यापीठाच्या, इथल्याच एखाद्या कॉलेजात पहिलं वर्ष काढ, घरचं जेवण खात खात जर्मन शीक, मग जा. नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचं सर्टिफिकेटही लागतं, म्हणजे आपल्या मार्क्सकार्डांची दिल्लीहून तपासणी. त्याला वेळ धरा.

आपल्या भागातल्या माणसाची धावपळ तर वेगळीच. घरात मराठी, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, जर्मन शिकायला पुणे गाठायचं कारण तिथं खोलीवर आतेभाऊ आहे, आणि व्हिसाला बेंगळुरू, कारण पत्ता कर्नाटकातला. सीमाप्रश्न म्हणजे काय ते मला रेल्वेच्या तिकिटांवरून कळलं.

भाषेला मात्र घाबरू नका. तीन लिंगं बघून हिंदीवाली पोरं कपाळाला हात लावत होती. आपल्याला तो, ती, ते आईच्या दुधातून मिळालेलं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, ह्यावर सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही, आमच्याकडं 'ते पोरगं'च म्हणतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायची त्यांची सवय मराठीला आणि कन्नडला जन्माचीच. चार भाषांत बाजारहाट करणाऱ्या बेळगावकराला पाचवी जड जात नाही. पण बी-वन ह्या मधल्या पायरीच्या परीक्षेवर थांबू नका. बी-वन म्हणजे बस विचारण्यापुरतं. मेकॅनिक्सचं लेक्चर कळायला त्याच्या दोन पायऱ्या वरचं जर्मन लागतं.

आता मुद्द्यावर येतो.

तिथल्या बऱ्याच मेकॅनिकलच्या कोर्सना 'फोरप्राक्टिकुम' लागतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी किंवा सुरुवातीच्या सत्रांत काही आठवडे कारखान्यात हातानं काम करायचं. कानस मारणं, ड्रिलिंग, टर्निंग, मिलिंग, वेल्डिंग, कास्टिंग. दर आठवड्याचा अहवाल, त्यात हातानं काढलेली ड्रॉइंग्ज, खाली कारखान्याचा सही-शिक्का. पुण्याच्या क्लासमधली पोरं हे वाचून हैराण झाली होती, कुठं शोधायचं म्हणून. आणि मी उद्यमबागेपासून, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीपासून, चालत जाण्याच्या अंतरावर वाढलेला.

एक कबुली देतो. बाबा लेथवर टर्नर. शाळेच्या फॉर्मवर मी त्यांच्या पुढं 'खासगी नोकरी' एवढंच लिहायचो. कूलंटचा वास येणारी त्यांची पँट आई वेगळी धुवायची आणि मला त्याचीही लाज वाटायची. त्या माणसाच्या ओळखीनं मला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आणि मग एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, घेतलं.

वर्कशॉपमधले मामा, म्हणजे सगळेच त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही. वाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा धरला, हातात कानस दिली. "चारी बाजू काटकोनात आण. गुण्या लावायचा, उजेडाकडं धरायचं. फटीतनं उजेड दिसला की परत." अकरा दिवस. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. तीन तुकडे त्यांनी भंगारात टाकले. रागावून नव्हे. बघायचे, बाजूला टाकायचे आणि नवा तुकडा हातात द्यायचे.

फौंड्रीत तर वेगळंच जग. वाळू किती ओली आहे ते मूठ दाबून सांगणारे मोल्डर. मूठ उघडल्यावर गोळा न फुटता राहिला की वाळू बरोबर. रायझर, म्हणजे साच्यात ठेवलेला जास्तीच्या रसाचा साठा, कशाला असतो ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका कास्टिंगला आतून पोकळी निघाली आणि सुपरवायझरनं ते कापून दाखवलं: बघ, धातू गोठताना आकसतो, तेव्हा त्याला वरून रस पाजावा लागतो, इथं पाजायला कुणी नव्हतं. तीन वर्षांनी जर्मनीत उत्पादन तंत्राच्या तासाला सरांनी अगदी तसाच कापलेला तुकडा फिरवला आणि रायझर कुठं हवा होता म्हणून विचारलं. वर्गात सगळे गप्प. मी फळ्यापाशी जाऊन काढून दाखवलं. बोलताना व्याकरणाच्या दोन चुका झाल्या, चित्र बरोबर होतं. त्या दिवसानंतर ग्रुप करताना मला कुणी वगळलं नाही.

पण उद्यमबागेत गेलात म्हणजे पास झालात असं समजू नका. टेक्निशे मेखानिक, म्हणजे बलांच्या गणितांचा विषय, पहिला पेपर, फेब्रुवारी २०२०: मी नापास. त्यांच्याकडं १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर, ५ म्हणजे गेला. मला ५. आपण केसीईटीवाले, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतले, ऐंशी मिनिटांत साठ प्रश्न, चारांतला एक गोळा काळा करायचा. तिथं दोन तासांत चार गणितं. कागदावर तुळई कापायची, आतले बल काढायचे, प्रत्येक पायरी लिहायची. सूत्र कुठून आलं ते माहीत नसेल तर पेन उचलतच नाही. वर्गात हजेरी नाही. आलास का, गेलास का, कुणी विचारत नाही आणि घरी फोनही जात नाही. पहिले दोन महिने मला ते स्वातंत्र्य वाटलं. बहुतेक कॉलेजांत एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स देशात दुसरीकडंही मिळणं जवळपास बंद. त्या रात्री खोलीत बसून मला मामांचे ते तीन तुकडे आठवले. बाबांना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "लेथवरचा जॉब रिजेक्ट झाला तर माप कुठं चुकलं ते बघायचं की रे." जुने पेपर मिळवले, एकेक गणित कोऱ्या कागदावर काढलं, सप्टेंबरात २.७ आले.

अमेरिकेचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पदवीनंतर १२ महिने काम करता येतं आणि स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाची शाखा, म्हणून आणखी २४. पण विमानं, रॉकेट, संरक्षण ह्यांत जायचं स्वप्न असेल तर 'आयटार' हा संरक्षण तंत्रज्ञान परकीयांपासून राखणारा नियम आधी वाचा. त्या कंपन्यांत बहुतेक जागा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच. मेकॅनिकलच्या पोराला हे चौथ्या वर्षी मुलाखतीत कळणं वाईट. जर्मनीतही सगळं हिरवंगार नाही. फोक्सवागननं डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं ठरवलं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मला पाच लागले, आणि मिळाली ती पंप बनवणाऱ्या छोट्या कंपनीत, जिचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. मुलाखतीत फोरप्राक्टिकुमचा अहवाल त्यांनी पान उलटून उलटून बघितला. खालचा शिक्का बेळगावचा.

"मेकॅनिकलमध्ये काय राहिलंय, कंप्युटर घे" म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. ज्याला कंप्युटर आवडतो त्यानं तेच घ्यावं. पण ज्या गावात कास्टिंग ओततात, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात, हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, त्या गावातलं पोरगं मेकॅनिकल शिकायला सात हजार किलोमीटर जाणार आणि उद्यमबागेच्या आत एकदाही गेलेलं नसणार, हे मला पटत नाही. सहा महिने द्या. नाही आवडलं तर बारा लाख वाचले.

काकांच्या पोराला सोमवारी मामांकडं नेऊन सोडलं. मामा आता थकलेत, चष्मा जाड झालाय, पण वाइस तीच. काल रात्री पोराचा फोटो आला: तुकडा, वर गुण्या, मागं ट्यूबलाइट. खाली लिहिलेलं, "दादा, झालं बघ."

मी फोटो मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात उजेड दिसत होता. तेवढंच कळवलं.