धाकटी आत्या यशस्वीरीत्या जतन झाली

आजोबांच्या मागे आजी, माझे वडील, दोन काका, दोन आत्या आणि साखर कारखान्याचा एक शेअर उरला. शेअर म्हणजे वार्षिक सभेत ओरडायचा हक्क आणि दिवाळीला सवलतीची साखर. पण कारखाना यंदा 'पेपरलेस' झालाय. मी पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरतो, या गुन्ह्याबद्दल वारसनोंदीचं काम घरच्यांनी माझ्या गळ्यात घातलं. फॉर्म ऑनलाइन, पण उघडतो फक्त कारखान्याच्या गट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर.

वर मयत सभासद, खाली वारस, मग 'आणखी वारस जोडा' असं बटण. सहाही जणांची नावं, आधार, पासबुकाचे फोटो भरले. (धाकट्या काकांची जन्मतारीख घरात 'दुष्काळाच्या साली, ज्वारी काढताना' अशी आहे. आधारवर गुरुजींनी ठरवलेली १ जून.) 'जतन करा' दाबलं. हिरवी पट्टी आली: 'वारसांची माहिती यशस्वीरीत्या जतन झाली.' खालच्या तक्त्यात एकच ओळ. धाकटी आत्या.

शेजारच्या खुर्चीवर एक नाना बसले होते. ऊसतोडीची तारीख विचारायला आलेले, चिटबॉयची, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, वाट बघत.

"कोन ऱ्हायलं?"

"धाकटी आत्या."

"मंजी तिला मिळाला."

"तसं नाही नाना. बाकीचे पाच पुसले गेले."

"पुसल्यालं न्हाईत. बाद झाल्यात."

"कॉम्प्युटर कुणाला असा बाद करत नाही."

नानांनी चष्मा काढला. "काटा कॉम्प्युटरचा झाला तवापासनं माझा ऊस भरंना झालाय. तवा कुनी मला म्हनलं न्हाई, कॉम्प्युटर चुकतुय म्हनून. आन आता तुझा शेअर गेला तर लगीच चुकला व्हय?"

याला उत्तर नव्हतं. नाना खुर्ची ओढून आणखी जवळ आले.

"त्याला काय तरी दिसलं आसंल. म्हातारा दवाखान्यात हुता तवा उशाला कोन हुतं?"

धाकटी आत्याच होती. मी गप्प बसलो.

"बघ."

तेवढ्यात चिटबॉय आला. "कुणाला लागला शेअर?" त्याने लॉटरीच्याच सुरात विचारलं.

"धाकटीला," नाना म्हणाले. "दोन हजार पाचला पोरींना हक्क दिलाय की."

"बरोबरीचा दिलाय, एकटीला नाही! आणि वारस म्हणून तर मुली १९५६ च्या कायद्यापासूनच आहेत."

"सरकारनं बरोबरीचा दिला, कारखान्यानं जादा दिला. तुझं काय जातंय?"

खरं काय झालं असेल ते मला दिसत होतं. सगळ्या ओळींतल्या 'नाव' या खोक्याला कोडमध्ये एकच नाव दिलेलं असणार. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्या नावापुढे चौकटी कंसाची जोडी लावायला विसरलात, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर चढते आणि हाती फक्त शेवटची उरते. दोन कंसांसाठी माझ्या बापाचा वारसा गेला! नानांना हे सांगून बघितलं. "कंस तसाच हुता, भणीची पोरं मारली," म्हणाले.

पुन्हा भरावं म्हटलं, तर लाल पट्टी: 'या मयत सभासदाचा अर्ज अगोदरच अस्तित्वात आहे.' इथे मात्र माझी सटकली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या नोंदी एकत्र साठवायच्या तर सगळ्या साठवा नाहीतर एकही नको, हा या धंद्यातला बाळबोध नियम. अशा नियमांना हार्डर आणि रॉयटर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये 'ॲसिड' हे नाव दिलं; नियम त्याच्याही आधीचे. माझ्या मुलाखतीत मला हेच विचारून घाम फोडला होता. ज्याने हा फॉर्म केला त्याला कुणी काही विचारलं नसावं. त्याला बिल मिळालं, उद्घाटनाचा नारळ फुटला, आणि आता बायाबापड्या पासबुकं पिशवीत घालून या हिरव्या पट्टीसमोर बसणार. त्यांना तर पाच जण गेल्याचंही कळणार नाही. हिरवं दिसलं की हात जोडून घरी जातील.

शेअर विभागातल्या साहेबांकडे गेलो. त्यांनी फार शांतपणे ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. दुरुस्ती अर्ज. त्यात वारसांसाठी दहा ओळी आखलेल्या, 'जागा कमी पडल्यास पाठीमागे लिहावे' अशी सूचनासुद्धा.

"हे आधीच दिलं असतं तर?"

"आता पेपरलेस आहे ना."

पेनाने सहाही नावं लिहिली. साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं सही लागंल. नोंद असलेल्या वारसाची."

आत्याला फोन लावला. तिला कारखान्याचा 'अभिनंदन' असा मेसेज आधीच गेलेला. सगळं ऐकून घेतलं तिने, साखर किती किलो मिळते ते विचारलं, आणि "बघते" म्हणाली.