संशोधनाच्या निधीसाठी अर्ज करायचा हक्क कुणाला?

गेल्या रविवारी रत्नागिरीहून मैत्रिणीचा फोन आला. इकडे जर्मनीत लाइपझिगला सकाळचे सात, तिकडे साडेदहा. ती सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर उभी होती, आणि वारा इतका की तिचं निम्मं बोलणं वाऱ्यावरच गेलं. "अगं, ह्या चौकोनात सीतेची आसवं एकशेबारा आली!" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. सीतेची आसवं म्हणजे सड्यावर पावसाळ्यात येणारी इवली जांभळी फुलं. सुतळीने एक मीटरचा चौकोन आखायचा, गुडघ्यांवर बसून त्यातलं एकेक रोप मोजायचं आणि वहीत टिपायचं, हे ती बारा पावसाळे करते आहे. जांभ्यावरची ही फुलं चार महिन्यांत येऊन जातात. सडे तर खाणींखाली आणि आंब्याच्या बागांखाली भराभर जाताहेत. त्यामुळे बारा वर्षांच्या सलग नोंदींचं मोल काय, हे वनस्पतिशास्त्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ती पीएच.डी. आहे, प्राध्यापकपदासाठीची सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर वर्षी नव्याने मुलाखत, सुट्टीचा पगार नाही, आणि झालेल्या तासांचं मानधनही कधी चार-चार महिने उशिरा. सड्यावर जायचं पेट्रोल ती स्वतःच्या खिशातून घालते.

भारतातल्या बातम्या मी रोज वाचते. सध्या चर्चा आकड्यांची आहे. भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, जर्मनी तीन टक्क्यांच्या वर. २०२३च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हटलं गेलं, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. २०२५मध्ये एक लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर झाली. पैसा वाढायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण या सगळ्या चर्चेत माझ्या मैत्रिणीचा प्रश्न कुठेच येत नाही. प्रकल्पाचं मुख्य अनुदान मागायला नियमित पद लागतं. ते तिच्याकडे नाही, म्हणून तिचा प्रस्ताव वाचलाच जाणार नाही. फेलोशिप आहेत, महिलांसाठी वेगळ्याही आहेत. पण त्या पूर्णवेळ आणि ठरावीक मुदतीच्या. त्यासाठी हातातले तास सोडायचे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभं राहायचं. घरात दोन मुलं असताना ही उडी कशी मारायची?

मीही इथे बिनपदाचीच होते. पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम, संपत आलं तेव्हा हाती काही नव्हतं. संशोधनाला निधी देणाऱ्या इथल्या डीएफजी या संस्थेकडे प्रकल्प मागताना स्वतःचा पगारही त्याच अर्जात मागता येतो. 'स्वतःची जागा' असंच त्या तरतुदीचं नाव आहे. विद्यापीठाने एवढंच लिहून द्यायचं की निधी मिळाला तर आम्ही हिला नोकरीवर घेऊ. अर्जाला शेवटची तारीख नसते, वर्षभर कधीही द्या. अर्ज मंजूर झाला आणि तीन वर्षांचा पगार, प्रवासखर्च, विद्यार्थी मदतनीस असं सगळं एकदम आलं. शिवाय विद्यापीठाला प्रकल्पाच्या खर्चावर २२ टक्के वेगळे मिळतात. त्यामुळे माझ्यासारखीला जागा देणं त्यांना ओझं वाटत नाही. बिलं सांभाळायला वेगळा विभाग आहे. मी पावती पाठवते आणि प्रयोगशाळेत परत जाते.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं, एवढीच मुदतीच्या करारांची सर्वसाधारण मर्यादा. प्रकल्पाच्या पैशावरच्या करारांना वेगळी सूट आहे, पण कायमची जागा मोजक्यांनाच मिळते. हाना ही सरकारी चित्रफितीतली काल्पनिक तरुण संशोधक; २०२१मध्ये 'मी हाना आहे' म्हणत इथल्या हजारो संशोधकांनी याच विरोधात आवाज उठवला. माझाही करार पुढच्या वर्षी संपतोय आणि त्याची काळजी मला आहेच. पण ती तीन वर्षं मला मिळाली. माझी कल्पना कुणीतरी वाचली, तिच्यातल्या चुका दाखवल्या आणि ती पटल्यावर पैसे दिले. माझ्याकडे कुठली खुर्ची आहे हे कुणी विचारलं नाही.

प्राध्यापकांच्या रिक्त जागा कायमच्या भरा, ही तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची मागणी महाराष्ट्रात कित्येक वर्षांची आहे आणि ती रास्तच आहे. पण जागा भरेपर्यंत या माणसांचं संशोधन थांबवून ठेवायचं का? नियमित पदाची अट काढून 'महाविद्यालयाची हमी' एवढीच ठेवता येईल. काही विद्यापीठं छोटी अनुदानं देतात, ती तासिकावाल्यांना खुली करता येतील, आणि त्यात महिन्याचं मानधनही धरता येईल. एका सड्याच्या अभ्यासाला कोटी लागत नाहीत. एक सूक्ष्मदर्शक, पेट्रोल, एक मदतनीस आणि वेळेवर येणारा पगार पुरे.

फोन ठेवताना ती म्हणाली, "चल, पाऊस आला. वही भिजेल." तिच्या यादीतले सात सडे अजून मोजायचे आहेत, आणि फुलं जेमतेम सहा आठवडे टिकतील.