आजीच्या उशाशी कोणत्या भाषेत बसणार?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, गेले काही महिने एका प्रश्नावर तावातावाने बोलले जात आहे. तरुणांसाठीची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि युवा मंडळाचे मेळावे इंग्रजीत घ्यावेत, की मराठीतच चालू ठेवावेत? मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी प्रवचन त्यांच्या डोक्यावरून जाते आणि म्हणून ती चर्चपासून दुरावतात, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यांना विरोध करणारे इतिहासाचा दाखला देतात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले, रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची वाट दिली, आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मग आपल्याच मुलांना मराठीत प्रार्थना का जमू नये, असा त्यांचा सवाल आहे.

मी मराठीच्या बाजूचा आहे. मात्र माझे कारण या चर्चेत अजून कोणी मांडलेले दिसत नाही, आणि ते मला दुबईत सापडले.

मी गेली बारा वर्षे इथे बांधकाम क्षेत्रात नोकरी करतो. गावी असताना गायकवृंदात होतो, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वर्गाला एकही दिवस चुकलो नाही, पण इंजिनीअरिंगच्या वर्षांत हे सारे हळूहळू सुटले. इथे आल्यावर पहिली दोन वर्षे चर्चची पायरीसुद्धा चढलो नाही. त्या वेळी सुट्टी शुक्रवारी असे आणि मिस्सेला मोठी गर्दीही शुक्रवारीच होई. मी तो दिवस झोपून काढत असे. मग वडील गेले. रजा मिळाली तोवर दफनविधी उरकला होता. त्या रात्री आमच्या इमारतीत राहणारा मंगळूरचा एक वयस्कर गृहस्थ खोलीवर आला, माझ्या पलंगाच्या कडेवर बसला आणि काही न विचारता कोंकणीत प्रार्थना म्हणू लागला. ‘आमच्या बापा’पर्यंत आमचे शब्द जुळले, पुढे तो कोंकणीत गेला आणि मी मराठीत. दोन वर्षांनी तोंडातून आलेली ती प्रार्थना मला आठवावी लागली नाही. माझी श्रद्धा परत आली ती अशी, एका माणसाच्या येण्याने. प्रवचनाने किंवा मेळाव्याने नव्हे.

त्यानंतर मी इथल्या युवा गटात काम करू लागलो. सुरुवातीला आम्हीही क्रीडास्पर्धा, गिटार, रंगीत दिवे असे सगळे करून पाहिले. मुले यायची, नाचायची आणि पुढच्या महिन्यात निम्मी गायब व्हायची. आजारी माणसांना भेटायला जाण्याचे काम त्यांच्या हाती दिले, तेव्हा ती टिकली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की, युवाकार्याचे कर्ते स्वतः तरुणच असतात. त्याचा अर्थ मला या भेटींत कळला.

एका भेटीतला प्रसंग सांगतो. मुलाकडे राहायला आलेली केरळची एक आजी पडून होती. आमच्यातला सतरा वर्षांचा मल्याळी मुलगा, जन्माने दुबईचाच, तिच्या उशाशी बसला. आजीने जपमाळ त्याच्या हातात दिली. त्याने इंग्रजीत ‘हेल मेरी’ ही मारियेची प्रार्थना सुरू केली, तेव्हा ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला त्या भाषेत उत्तर देता येईना, आणि तिची भाषा त्याला येईना. तो गप्प झाला, मणी बोटांत तसाच. परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला, ‘मला आईकडून शिकायचंय.’ तीन आठवड्यांनी तो पुन्हा गेला आणि तीच प्रार्थना मल्याळममध्ये, ‘नन्म निरञ्ञ मरियमे’, म्हणाला. उच्चार कच्चाच होता, पण आजीने पुढचा अर्धा भाग म्हटला.

वसईतल्या पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. तुमचा मुलगा इंग्रजी मिस्सेत लक्ष देऊन बसेलही. इथली बहुतेक मुले इंग्रजीतच प्रार्थना करतात आणि त्यांच्या भक्तीत मला काही उणे दिसत नाही. पण ज्या वाडीत तो राहतो, तिथले अंथरुणाला खिळलेले लोक तीच प्रार्थना ‘नमो मारिया’ अशी मराठीत म्हणतात. त्यांच्याजवळ बसायचे असेल तर ती भाषा लागतेच. आणि मराठीच्या अभिमान्यांनाही विचारावेसे वाटते, की तुम्ही मुलांना स्टीफन्स आणि टिळक ऐकवता, पण त्या भाषेत करण्यासारखे एखादे काम कधी देता का? व्यासपीठावर भाषण करण्यापलीकडचे?

मे महिन्यात मी गावी येतो आहे. गावच्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना असते, तेव्हा युवा मंडळाची मुले आपसूक भेटतील. वाडीत कोण कोण आजारी आहे, याची यादी मी मंडळाच्या चिटणीस मुलीकडून मागवून घेतली. तिने अकरा नावे पाठवली. सातवे नाव मला धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंचे आहे. त्यांच्या घरात आता दुसरे कोणी राहत नाही, असे तिने पुढे कंसात लिहिले होते.