बॉम जेझूची भिंत चारशे वर्षं उघडी होती म्हणे!

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा लालभडक फोटो आणि त्याखालचा मजकूर पुन्हा फिरायला लागलाय: ‘चारशे वर्षं ऊन-पाऊस झेलत उघड्या जांभ्यात उभी, ना चुना ना सिमेंट. आता गिलावा करून हा वारसा पुसायला निघालेत.’ फोटो खरा आहे. मजकुराचं तसं नाही.

‘चारशे वर्षं उघडी.’ बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. तेव्हापासून थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. जुने फोटो काढून बघा, समोरच्या से कॅथेड्रलसारखंच हेही चर्च गिलाव्यात दिसतं. तो खरवडला गेला १९५० च्या आसपास, पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालमधल्या जुन्या चर्चांना ‘प्राचीन’ रूप द्यायला त्यांचे दगड उघडे पाडायची टूम होती, तीच इथे आली. पण तिथला दगड बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइट, इथला जांभा. म्हणजे चारशे वर्षांचं म्हणून जे मिरवतो ते रूप जेमतेम पंचाहत्तर वर्षांचं आहे. (गिलावा भारत सरकारने काढला असंही कुणी कुणी लिहितं. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये. हिशेब सोपा आहे.)

‘जांभा उघडाच टिकतो.’ हे अर्धंच खरं. खाणीतून चिरा (जांभ्याचा ठोकळा) काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगभर भोकं असतात आणि भोकांत मऊ माती. पाऊस आधी ती माती धुऊन नेतो, मग भोकांच्या कडा झिजतात, मग कोपरे गोल होतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातली जुनी माणसं मृग लागायच्या आत पावसाच्या तोंडच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायची, ती काय हौस म्हणून? हल्ली बंगल्याला बिनगिलाव्याचा चिरा ठेवून सांध्यांत रंगीत सिमेंट भरायची फॅशन आहे, त्यामुळे उघडा जांभा म्हणजेच अस्सल असं वाटायला लागलंय.

आणि दर्शनी भाग नीट पाहिलाय का? खांब, कमानी, वरची ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरं काळ्या बेसॉल्टची आहेत, आणि हा दगड वसईहून आणलेला. एवढ्या लांबून काळा दगड आणून त्याच्यावर कोरीवकाम करवलं, ते पांढऱ्या भिंतीवर उठून दिसावं म्हणूनच, असं मला वाटतं. लाल जांभ्याशेजारी ती नक्षी निम्मी हरवते.

‘जागतिक वारसा यादीत ती उघडीच गेली.’ विरोधकांचा हा एकच मुद्दा वजनदार आहे. १९८६ मध्ये नोंद झाली तेव्हा भिंती लालच होत्या. पण नोंद जुन्या गोव्यातल्या चर्चांच्या आणि मठांच्या अख्ख्या समूहाची आहे, एका भिंतीच्या रंगाची नव्हे. झिजलेला चिरा काही यादीत नाव असल्यामुळे भरून येत नाही.

‘गिलावा म्हणजे आधुनिकीकरण.’ सिमेंटचा असेल तर मीही विरोधच करीन. सिमेंट ओल आत कोंडतं आणि आतला दगड कुजवतं. चुना ओल बाहेर सोडतो, स्वतः झिजतो, चिरा वाचवतो. म्हणून तर त्याला वरचेवर हात द्यावा लागतो. खर्चाचं आणि कटकटीचं काम आहे. आक्षेप घ्यायचा तर खर्चावर घ्या, तो निदान प्रामाणिक होईल.

राहिला ‘लाल रंग गेला तर कोण येणार?’ हा प्रश्न. लोक येतात ते गोंयच्या सायबासाठी, सेंट फ्रान्सिस झेवियरसाठी. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी त्यांचं शव बासिलिकेतून पलीकडच्या पांढऱ्याशुभ्र से कॅथेड्रलमध्ये नेतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्येही नेलं होतं, आणि तिथल्या रांगेतून पांढऱ्या रंगामुळे कुणी परत गेल्याचं ऐकिवात नाही.