बचावाचे कॉल वाढले, म्हणून समुद्र जीवघेणा झाला असं नाही

वर्सोवा, ससून डॉककडच्या मच्छीमारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘बचावाचे कॉल वाढतायत, म्हणजे समुद्र पूर्वीपेक्षा जीवघेणा झालाय.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. पूर्वी वायरलेसच्या टप्प्याबाहेर अडकलेल्या बोटीची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचायचीच नाही. आता बोटीवरच्या बीकनचं (संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राचं) बटण दाबलं की उपग्रहामार्फत इशारा तटरक्षक दलाकडे जातो. त्यात चुकून सुरू झालेले बीकनही असतात. कॉल मोजले की तेही मोजले जातात. उलट मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगार राहत असलेला ‘पी-३०५’ तराफा (बार्ज) बुडाला, २६१ पैकी १८६ जण वाचले. एवढा मोठा अपघात, पण नोंदीत घटना एकच! मेसेज वाचून बीकन काढून ठेवू नका, ही कळकळीची विनंती. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा, वायरलेसवर चॅनल १६.